मॅडम, उद्या प्रॅक्टिसले येनं होत नाई

गणिताच्या शिक्षकांकडे किस्से नसतात. खरंच! आमच्या स्टाफरूममधले गणिताचे सर अठरा वर्षं शिकवताहेत, पण त्यांच्याकडे सांगायला एकच किस्सा आहे, आणि तोही भूगोलाच्या सरांचा. कारण साधं आहे. गणित शिकायला पोरं वर्गात येतात. खेळाडू पाहिजे असेल तर मात्र त्याच्या घरी जावं लागतं. आणि एकदा का माणूस लोकांच्या घरी जायला लागला, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पायाला चिखल लागतो तसे ते लागत जातात, आणि घरी आल्यावर कळतं की अरे, हे तर बरेच झाले!

मी पी.टी.ची मॅडम. सिंदेवाहीपासून पंधरा किलोमीटर आत, जंगलाला लागून एक हायस्कूल आहे, तिथे मुलींची खो-खोची टीम सांभाळते. माहेर वर्ध्याचं. बी.पी.एड. करताना मी मैदानाची मापं पाठ केली, नियम पाठ केले, दुखापतींवरचे उपाय पाठ केले. पण एक मुलगी मैदानावर यायची तर आधी तिच्या घरी काय काय व्हावं लागतं, हे एकाही पुस्तकात नव्हतं. ते मी धक्के खात शिकले. दरवर्षी वाटतं, आता आपल्याला कशाचं नवल वाटणार नाही. असं वाटलं की आठवड्याभरात पुढचा धक्का!

*

पहिल्याच वर्षीची गोष्ट. जुलै संपत आलेला, तालुक्याच्या मॅचेस तीन आठवड्यांवर. मोठ्या हौसेने मी बारा मुलींची यादी नोटीस बोर्डावर लावली. सोमवारी सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस. मी सहापासून गळ्यात शिट्टी घालून उभी.

आल्या दोघी. त्यातली एक, आपण येणार नाही हे सांगायला आली होती!

"बाकीच्या कुठे आहेत गं?"

"रोवन्यात, मॅडम."

रोवणा म्हणजे भाताची लावणी, एवढं मला माहीत होतं. पण दहाच्या दहा? मी स्कूटी काढली. तलावाखालच्या शेताशी येऊन बघते तर माझी टीम एका रांगेत, पोटरीभर चिखलात, कमरेत वाकलेली. जोडीला आया आणि काकवा. बांधावर एक म्हातारी काठी घेऊन उभी. ती या सगळ्यांची मुकादम.

मी बांधावरूनच भाषण ठोकलं. शाळेची इज्जत, तालुक्याचं मैदान, मुलींचं भविष्य, सगळं काढलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पऱ्हे उपटून ठेवले हायेत. आज नाई लागले तं उद्या पिवळे पडतीन. एवढी बांधी झाली का घेऊन जा तुमच्या पोरी. लवकर पायजेन असन तं उतरा खाली."

उतरले! ट्रॅकपँट वर खोचली, पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी हातात घेतली आणि लागले रांगेत. पोरी खुसुखुसू हसत होत्या. दहा मिनिटांनी मला वाटलं, जमतंय की! सहज मान वर केली तर म्हातारी काठी टाकून माझ्या ओळीत उतरलेली, आणि मी लावलेलं एकेक रोप उपटून पुन्हा लावत होती!

"काय झालं, आजी?"

"काई नाई. तुमी शिट्टीच वाजवा, मॅडम."

पण खरा धक्का तो नव्हता. रांगेतल्या पोरी मागे मागे सरकत होत्या. वाकलेल्या, चिखलात, मागे न बघता. गप्पा चालू, गाणं चालू, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत! घरी आल्यावर मी 'कंबर व पाय बळकट करण्याचे व्यायाम' हा माझा तीन पानी चार्ट हळूच फाडून टाकला.

*

त्याच टीमची कॅप्टन होती रोशनी. तालुक्याच्या मॅचला जायला जीप शाळेसमोर उभी, आणि ही आली ती एका कडेवर बॅग, दुसऱ्या कडेवर दीड वर्षाचं पोर.

"हे काय?"

"बारकी बहीन हाय, मॅडम. घरी कोनीच नाई. आईले आरमोरीकडे रोवन्याचं काम भेटलं, बाबाबी गेले."

"अगं, आपली मॅच आहे!"

"ते झोपून राहते, मॅडम."

कुठली झोपते! मॅचभर बारकी माझ्या मांडीवर टक्क जागी. शेवटची पाळी आली. आमची रोशनी संरक्षणाला, दोन मिनिटं शिल्लक, आणि स्कोअरशीटवर सही करायला मला टेबलाशी बोलावलं. शेजारी जो माणूस होता त्याच्या हातात मी बारकी दिली. तो निघाला समोरच्या टीमचा कोच! धिप्पाड, मिशीवाला. त्याने पोर असं धरलं होतं की जणू हातात कुणी गरम कढई दिली आहे.

मैदानात रोशनी पळत होती. बारकीला वाटलं, ताई खेळून राहिली. ती कोचच्या हातातून सटकली आणि तुरूतुरू निघाली थेट खांबाकडे! मी ओरडले. कोच ओरडला. तिकडून खांबाला वळसा घालून रोशनी आली, तिच्या मागे त्यांची पोरगी हात लांब करून. रोशनीने बारकीला बघितलं, धावता धावताच उचललं, कडेवर घेतलं, आणि तशीच एक हुलकावणी दिली. मग दुसरी! अख्खं मैदान उभं राहिलं. बारकी कडेवर बसून टाळ्या वाजवतेय! पंच शिट्टी तोंडात धरून उभे, वाजवायचं भान नाही.

शेवटी शिट्टी वाजली. पंच माझ्याकडे आले. घाम पुसत म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं पंचगिरी करतोय. याला कोणता नियम लावायचा ते मला सांगा."

तेवढ्यात पाठलाग करणारी ती दुसऱ्या शाळेची पोरगी धापा टाकत आली. चेहरा एकदम गंभीर.

"सर, माह्या हात बारकीले लागला असता तं आउट कोन?"

*

पायलचं घर मासेमारीचं. गावच्या तलावात मासे पकडायचे तर सगळी घरं मिळून एकाच दिवशी जाळं ओढतात. घरटी दोन माणसं यायलाच पाहिजेत, नाहीतर वाटा अर्धा. आणि नेमका तो दिवस आणि ब्रह्मपुरीची स्पर्धा, दोन्ही एकाच तारखेला!

मी घरी गेले. पायलचे बाबा बाजेवर, पायाला प्लास्टर.

"मॅडम, मी असा पडून हाय. तिची माय अन् ते, दोघीच. पायल नाई गेली तं कसं होईन?"

"तिच्याऐवजी दुसरं कुणी चालेल का?"

"चालन ना. मानूस असला म्हंजे झालं."

माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. मी म्हणाले, "माझा नवरा येईल."

माझा नवरा प्रमोद. पोस्टात कारकून. त्याने जन्मात मासा हातात धरला नव्हता. आमच्या घरी लसणाचंसुद्धा नाव काढायचं नाही, सासूबाईंना चालत नाही! मी प्रमोदला एवढंच सांगितलं, "काही नाही हो, तलावाच्या काठाशी जरा उभं राहायचं."

संध्याकाळी पाचला पायलला घेऊन मी तलावावर पोचले. काठावर प्रमोद नाही. त्याला पोहता येत नाही. मी धावत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढले. समोर पाण्यात दहा-बारा माणसं जाळं ओढत होती, आणि मधोमध छातीभर पाण्यात डोक्याला गमछा बांधलेला एक जण बोंबलत होता, "ओढा नं भाऊ! तुमची बाजू ढिली पडून राह्यली!"

तो प्रमोद!

पाळीवर प्लास्टरवाला पाय पसरून बसलेले पायलचे बाबा म्हणाले, "मॅडम, हा मानूस आता इथीच राहू द्या."

आता घरी सासूबाईंना काय सांगायचं? कारण वाट्याचे मासे पायलच्या आईने बळेबळे पिशवीत भरून दिलेले. मी दारातच थांबले. प्रमोदने पिशवी मागे लपवली. सासूबाई उठल्या, त्याच्या हातातून पिशवी घेतली, उघडून आत डोकावल्या. मी डोळे मिटले.

"झिंगे नाई भेटले काय रे?"

बारा वर्षं! बारा वर्षं मी त्या घरात लसणाशिवाय वरण करत होते!

*

एक वर्ष आमची टीम जिल्ह्याच्या फायनलला पोचली. चंद्रपूरचं मैदान, नोव्हेंबर महिना. समोर कोरपन्याकडची टीम. त्यांच्या पोरींच्या हातांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे, आमच्या पोरींच्या हातांवर विळ्याचे. मॅचला अर्धा तास होता, आणि दोन्ही टीमच्या कॅप्टन जोडीने पंचांच्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, काही भांडण झालं.

"सर, टॉस करून टाका," त्यांची कॅप्टन म्हणाली.

"टॉस अजून अर्ध्या तासाने."

"तसा टॉस नाई, सर. जिंकाचाच टॉस करून टाका. आमचा कापूस फुटून उभा हाय."

"अन् आमचा धान कापनीले आला," आमची म्हणाली. "आता निघालो तं चारची गाडी भेटते."

पंच खुर्चीतून उठले. "फायनल आहे ही! चिठ्ठी टाकायला ही काय सरपंचाची निवडणूक आहे?"

मग मॅच झाली. बाप रे, काय मॅच झाली! कुणी टाइम आउट घेतला नाही, कुणी पाणी प्यायला थांबलं नाही. मधली विश्रांती संपायच्या आधीच दोन्ही टीम मैदानात उभ्या. प्रेक्षक म्हणत होते, "काय जिद्द आहे पोरींची!" जिद्द कसली, चारची गाडी!

एका गुणाने आम्ही जिंकलो. मी आनंदाने उडी मारली, आणि वळून बघते तर माझ्या पोरी मैदानात बसून हमसून हमसून रडताहेत! जिंकलो म्हणजे आता विभागाला जावं लागणार, आठ दिवस आणखी प्रॅक्टिस, आणि शेतात आई एकटी. पलीकडे हरलेली टीम एकमेकींच्या गळ्यात पडून नाचतेय!

बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आमच्या पोरींकडे कणवेने पाहिलं, माइकवर म्हणाले, "हार-जीत चालायचीच," आणि कप नेऊन कोरपन्याच्या कॅप्टनच्या हातात ठेवला!

तिने हात मागे घेतले. चटका बसावा तसे.

"आमी नाई जिंकलो, सर! आमी घरी चाललो!"

*

हा किस्सा छोटा आहे. सांगावा की नाही, असं नेहमी वाटतं.

पालक सभेत मी पोटतिडकीने बोलत होते. मुलीला रोज दोन तास मैदानाला द्या, ती काय खेळते ते एकदा येऊन बघा, तिला बरं वाटतं. मागच्या रांगेतली एक आई उठली. आवाजात अजिबात खोच नव्हती. सहज विचारलं तिने.

"मॅडम, तुमची पोरगी कोन्ता खेळ खेळते?"

माझी मुलगी श्रावणी तेव्हा पाचवीत, सिंदेवाहीच्या शाळेत. पन्नास माणसांसमोर मी उभी, आणि ती काय खेळते हे मला माहीत नाही!

घरी जाऊन चप्पल न काढताच विचारलं, "श्रावणी, तू शाळेत काय खेळतेस गं?"

तिने वहीतून डोकं वर काढलं. "लांब उडी. दुसरी आले ना मी. बाबा आले होते बघायला. तू तेव्हा तुझ्या मुलींना घेऊन गेली होतीस."

"मला सांगितलं नाहीस? मेडल कुठाय?"

"तुझ्या कपाटात. तुझ्या टीमची मेडलं आहेत ना, त्यातच ठेवलंय. म्हटलं, तिथे तुला दिसेल."

मी कपाट उघडलं. होतं. तीन महिन्यांपासून होतं.

*

शीतल दहावीत, सोळा वर्षांची. आमची सगळ्यात तेज आक्रमक. एका शनिवारी तिचे वडील शाळेत आले. "उद्या पोरगी मॅचले येत नाई, मॅडम. पाव्हने येऊन राह्यले तिले पाहाले."

सोळा वर्षं! मी आमच्या हेडमास्तरांकडे धावले. बोरकर सर शांत माणूस. त्यांनी शाळेच्या रजिस्टरमधून शीतलच्या जन्मतारखेचा उतारा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, आपणही पाहुणे म्हणून जाऊ. आधी चहा घेऊ, मग कायदा काढू."

पाहुणे आले होते. मुलाची आई, त्याचा मामा. मुलाची आई चांगली भारदस्त, सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते. शीतल पोहे घेऊन आली, डोक्यावर पदर, मान खाली. मी कडेला बसलेले, सरांचा हात खिशावर.

"काय काय येते पोरीले?" त्या बाईने विचारलं.

शीतलची काकू पुढे सरसावली. "सैपाक येते, रोवना येते, शिवन येते. सारं येते."

"मले पोल डाइव्ह येते," शीतल म्हणाली.

वडिलांचा चेहरा पांढरा पडला. पोल डाइव्ह म्हणजे पळणारीला गाठायला खांबाला एका हाताने धरून अंग झोकून द्यायचं, थेट जमिनीवर. पण हे त्या बैठकीत कुणाला कळणार?

बाईने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "कोन्त्या हातानं?"

शीतलने मान वर केली. "दोन्ही हातानं."

"कोपर दाखव."

शीतलने पदर सारून कोपर दाखवलं. ताजी खपली होती. बाईने ते निरखून बघितलं. मग स्वतःच्या चोळीची बाही वर केली आणि आपलं कोपर तिच्यासमोर धरलं. तिथे रुपयाएवढा पांढरा जुना व्रण.

"जिल्ह्याच्या मॅचले आठ दिवस होते, तवा माह्यं लगन लावलं," ती म्हणाली. "ते मॅच कोन जिंकलं, मले आजवर मालूम नाई."

बाई उठली, भावाला म्हणाली, "चाल. पोरगी लाहान हाय अजून."

शीतलचे वडील हात जोडून मागे धावले. "बाई, चहा तं घेऊन जा!"

"चहा नोको," ती दारातून म्हणाली. "उद्याची मॅच किती वाजता हाय तेवढं सांगा."

सरांच्या खिशातला कागद खिशातच राहिला. चहा आम्हाला कुणी विचारलाच नाही.

*

आणि आता वैष्णवी. तिच्याबद्दल मी अजून स्टाफरूममध्ये बोललेले नाही.

नववीतली मुलगी, काटकुळी, अबोल. घर गावापासून दोन किलोमीटरवरच्या टोलीत, म्हणजे चार घरांच्या वस्तीत, अगदी जंगलाच्या कडेला. आई नाही. आजी, बाबा आणि ही. पळायला लागली की मी स्टॉपवॉच हातात धरूनसुद्धा दाबायची विसरायचे, अशी. मार्च महिन्यात सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी होती, आणि त्या वर्षी ती आमच्याच शाळेच्या मैदानावर ठेवली होती. निवड झाली की राहणं, जेवण, शिक्षण, खेळ, सगळं तिथेच. वैष्णवीच्या घरात असं काही कधी कुणाला मिळालेलं नव्हतं. बाबांनी कसाबसा होकार दिला होता.

मार्च म्हणजे मोहाचे दिवस. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती उजाडता उजाडता वेचायची असतात. वैष्णवी आजीबरोबर मोह वेचून, मग पळत प्रॅक्टिसला यायची. अंगाला तो गोड, उग्र वास. चाचणीच्या आदल्या दिवशी मी तिला बजावलं, "उद्या मोह नको. झोप पूर्ण कर. नऊच्या ठोक्याला मैदानात."

"आजीले एकटीले कशी पाठवू, मॅडम?"

"एक दिवस नाही वेचला तर काय होतं?"

तिने नुसतं दप्तर उचललं. तिला माझी कीव आली असावी.

नऊ वाजले. चाळीस मुली रांगेत, वैष्णवी नाही. सव्वानऊ. निवड समितीचे सर नावं पुकारून मोकळे झाले. मी फाटकाकडे बघत उभी, आणि आतल्या आत तिच्यावर चिडत होते. एवढी संधी, आणि ही मोहाच्या झाडाखाली!

साडेनऊला आली. पायांवर काट्यांचे ओरखडे, केस विस्कटलेले.

"ही वेळ आहे?" मी ओरडलेच.

"उशीर झाला, मॅडम."

"का झाला?"

"झाला."

मी सरांच्या हातापाया पडले. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, सगळ्यांचं झाल्यावर एकदा पळू दे." तासभर ती भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, घाबरली. जवळ जाऊन पाणी दिलं, तर अर्धं अंगावर सांडलं.

मग तिचं नाव पुकारलं. आणि ती पळाली. मी तिला इतकी वर्षं पळताना बघितलं होतं, पण तसं कधीच नाही. सरांनी स्टॉपवॉचकडे बघितलं, बाजूच्या सरांचं स्टॉपवॉच बघितलं, आणि म्हणाले, "पुन्हा पळ." ती पुन्हा पळाली. तेवढ्याच वेळात!

तिथल्या तिथे यादीत नाव लिहिलं. मी तिला मिठी मारली. ती हसली नाही. म्हणाली, "आजी बाहेर बसली हाय, मॅडम. जाऊ?"

मी बरोबर गेले. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली आजी बसलेली, मोहाने शिगोशीग भरलेली टोपली पुढ्यात.

"आजी, तुम्ही सकाळपासून इथेच? घरी नाही गेलात?"

"एकली कशी जाऊ, बाई? वाट तेच हाय ना. तो बसला होता वाटेवर."

"कोण बसला होता?"

आजीने वैष्णवीकडे पाहिलं. मग हात जमिनीपासून कमरेएवढा वर धरून दाखवला. नाव घेतलं नाही.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"वाघ?"

"आमी वाकून वेचून राह्यलो होतो. मान वर केली तं समोर. तिथी, त्या खांबाएवढा दूर." आजीने मैदानातल्या खो-खोच्या खांबाकडे बोट केलं. वीस पावलंही नसतील. "मी तं पळालेच लागली होती. हिनं हात धरला माह्या. म्हने, आजी, हालू नोको. पळू नोको. पाठ दाखवू नोको. उभ्याच राह्यलो दोघी. तो आमच्याकडे पाहे, आमी त्याच्याकडे. मंग उठला अन् गेला नाल्याकडे."

"किती वेळ?" मी विचारलं.

"मले काय समजते घड्याळ?"

"पंधरा-वीस मिनिटं असन," वैष्णवी म्हणाली.

"आणि मग तुम्ही पळत गावात आलात?"

"नाई," आजी म्हणाली. "तो गेला मंग राह्यलेला वेचला. अर्धी टोपली कशी आनाची?"

मी त्या भरलेल्या टोपलीकडे बघत राहिले. म्हणजे उशीर यामुळे झाला होता! आणि या पोरीवर मी फाटकात ओरडले होते.

"वैष्णवी, मी आत्ता जंगल खात्याला फोन करते. आणि तुझ्या बाबांना पण सांगते. हे असं नाही चालायचं!"

इतक्या वर्षांत त्या मुलीने मला कधी स्वतःहून हात लावला नव्हता. तिने माझं मनगट गच्च धरलं. डोळ्यांत भीती. सकाळपासून पहिल्यांदा खरी भीती दिसली.

"बाबाले नोका सांगू, मॅडम! पाया पडते!"

"अगं, वाघ होता!"

"बाबाले समजलं तं बंद करतीन."

"करू देत की बंद! जीव महत्त्वाचा की मोह?"

"मोह नाई बंद करनार, मॅडम," ती म्हणाली. "प्रॅक्टिस."